वय: तीन वर्षं चार महिने

फॉर्मवर एवढंच पटकन लिहिता आलं.
पुढचे रकाने: मातृभाषा, आवडी,
मूल अनोळखी माणसांशी बोलते का.
मी पेन तोंडात धरून बसले.

बोलते. पण आधी माणूस पारखते.
किराणावाल्या भुतड्याशी अजून एक शब्द नाही,
शेजारच्या भुरीशी मात्र तासन्‌तास,
गोठ्यात उकिडवी बसून.

दारव्ह्याचं कॉन्व्हेंट. आमच्याकडे
इंग्रजी शिकवणाऱ्या दोन खोल्यांनाही कॉन्व्हेंटच म्हणतात.
पिवळी घसरगुंडी, भिंतीवर टाय घातलेला हत्ती.
मॅडमने गाईचं चित्र धरलं, "व्हॉट इज धिस, बेटा?"
रेवतीनं नीट पाहिलं,
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
"हे भुरी नोहे. भुरीचं एक शिंग मोडेल हाय."
मॅडमने कागदावर बारीक काहीतरी लिहिलं.

वाईट नव्हती पोरगी. बाविशीची असेल.
निघताना रेवतीच्या सँडलचा पट्टा लावून दिला
आणि हळूच मला विचारलं, तुमच्या गावी
जिल्हा परिषदेत जागा निघते का हो कधी.

"गाडी सातला फाट्यावर येईल," हेडबाई म्हणाल्या.
मी मनात सात वाजवून पाहिले.
डिसेंबरातले सात. फाट्यावरचा तो एकटा निंब,
चौदा किलोमीटर,
आणि झोपेत लवंडणारी मान.
ती धरायला कोण?

घरी हे मोटारीला तार गुंडाळत होते.
नजर वर न करता म्हणाले,
"काहून नाही? सारे टाकून राह्यले.
तुह्या पोरीनंच काय घोडं मारलं?"
मी गप्प. बोलण्यासारखं अजून सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीसमोरच्या हापशीवर
दोन गुंड भरायला मी सव्वा तास लावला.
दाराशी चपला अकरा, एक जोडीदार नसलेली,
बाकी पोरं अनवाणीच.
ताई सर्व्हेला गेलेल्या. आत शेवंताबाई,
कडेवर सुलभाचं रडकं पोट्टं,
एक हात खिचडीत, एक त्याच्या नाकाला.
ते उगं झालं. खिचडीही लागली नाही.

पत्रा गळतो, मला ठाऊक आहे.
ताई रजिस्टरांत बुडालेली असते, हेही.
भिंतीवरचा अ अननसाचा माझ्या वेळचाच,
फक्त रंग नवा.
सांगू नये, पण सांगते:
बँकेतला साहेब हिंदीत बोलला तरी
माझी जीभ आत वळते.
शेतासारखी ती पोरीच्या नावावर झाली तर?

मी ठरवलं असं म्हणता येणार नाही.
एका सकाळी रेवतीनं आपली ताटली उचलली
आणि शेवंताबाईच्या मागे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी विचारलं, "आई, अननस कसं लागते?"
मला माहीत नव्हतं. माझ्या आईलाही नव्हतं.
शनिवारच्या बाजारातून ऐंशी रुपयांचं एक आणलं.
त्याचा तुरा पाहून गल्लीतलं कुत्रं भुंकलं.
विळा चालेना. शेवटी ह्यांनी दुकानातून
हॅक्सॉ आणली, दोनदा साबणानं धुतली,
तरी पहिल्या फोडीला ग्रीसचा वास आलाच.
अंगणवाडीत रोज नऊ-दहा पोरं येतात.
त्या दिवशी एकोणीस.
शेवंताबाईला बूड मिळालं.

रेवतीनं चोखलं, डोळे घट्ट मिटले,
जीभ बाहेर काढून बोटानं चाचपली.
"आई," म्हणाली, "अ टोचते."

फॉर्म मी फाडला नाही.
पिठाच्या डब्याखाली आहे, जूनपर्यंत.
वय तेवढं खोडून लिहावं लागेल.