पट्टी

मे महिन्यात आमच्या मायक्रोबायॉलॉजीत
एकच एसी चालतो, आणि तो मशीनसाठी.
माणसांनी घामातच बसायचं.

अकरा नंबरच्या खाटेवरून, नळीतून ओढलेला कफ
परवा प्लेटवर पसरला, काल उगवला:
फिकट, ओलसर ठिपके,
भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखे.
आज त्यांच्यावर औषधांच्या चकत्या मांडून झाल्या.
चकतीभोवती एक मोकळं रिंगण असावं लागतं
जिथे काहीच उगवत नाही.
रिंगण नव्हतं.
मेरोपेनेमला तर ते खेटून उगवले होते,
उंटखान्याच्या रस्त्यावर भरदुपारी
भिंतीच्या सावलीला कुत्री खेटतात तसे.

रजिस्टरमध्ये आर लिहिला.
त्याच्याखाली आर. त्याच्याखाली आर.
कोलिस्टिनची जागा कोरी ठेवली,
ती तपासणी वेगळी, उद्याची.

का, ते प्लेट सांगत नाही.
त्यासाठी आत शिरावं लागतं.
पेशी उकळून फोडायची, धागा काढायचा,
मशीन त्याला तापवतं, निववतं, पुन्हा तापवतं,
एकाचे दोन, दोनाचे चार,
चाळीत एखादी गोष्ट पसरावी तसे.

या जनुकाच्या नावात दिल्ली आहे.
रूपराव शिपाई विचारतात,
"दिल्लीहून आला का जी हा?"
नाही हो, नाव तेवढं तिथलं.
हा आईकडून लेकीला मिळायची वाट पाहत नाही.
शेजारणीनं शेजारणीला विरजण द्यावं
तसा एक जंतू दुसऱ्याला देतो,
आणि जात विचारत नाही.
एवढं त्यांना जमतं.

मंगळवारी मी वॉर्डात स्वॅब घ्यायला गेले.
आयसीयूत जागा नव्हती म्हणून
व्हेंटिलेटर इथेच, खिडकीशी.
खाटेचा कठडा. नळ. ट्रॉलीची मूठ.
आणि खिडकीतल्या कूलरची टाकी.
"किरायानं आणला जी,"
उर्कुडा कुमरे म्हणाले, देवलापारकडचे,
"लय तडफडून राहिली होती गर्मीनं."
बोलता बोलता टाकीत फडकं बुडवलं, पिळलं,
चौघडी घातली
आणि फुलवंताच्या कपाळावर पट्टी ठेवली.
माझा स्वॅब तेव्हा त्याच पाण्यात होता.

संध्याकाळी जेल.
अंधाऱ्या खोलीत, चेहऱ्यावर ढाल लावून,
दिवा लावला की केशरी रेघा उमटतात.
डावीकडे मापाची शिडी.
सहाव्या पायरीच्या जरा वर
खाट अकरा: पट्टी.
कठडा, नळ, ट्रॉली: काळोख.
कूलर: पट्टी.
दोघी एका ओळीत,
कुणी पट्टी टेकवून आखल्यासारख्या.

ती एवढंच म्हणते: आहे.
पाण्यातून तिच्यात गेलं
की तिच्या कपाळावरून फडक्यात, फडक्यातून पाण्यात,
की दोघींना तिसऱ्याच कुणी दिलं,
यातलं काही म्हणत नाही.
जेलमध्ये सगळं वरून खाली धावतं,
पण हे असं कुठून कुठे धावलं,
त्याला त्याच्याकडे रेघ नाही.
त्या न कळण्याला धरून
मी जरा वेळ दिवा न लावता बसले.

मग फोन केला. सिस्टर अन्नम्मांनी
रात्रीच कूलर बाहेर काढवला.

सकाळी रिपोर्टच्या खिडकीत कुमरे.
खांद्यावर तेच फडकं, वाळलेलं.
"मॅडम, कूलर कायले नेला? काही निघालं का त्याच्यात?"

"शेवाळ," मी म्हटलं.
"सगळ्याच कूलरमध्ये असतं."

ते खिडकीची जाळी धरून उभे राहिले.
"मंग पट्टी कोणत्या पान्याची ठेवू?"

"बाटलीच्या. सील तुमच्या हातानं फोडा.
आणि हे फडकं द्या इकडे, दुसरं घ्या."
त्यांनी दिलं. मी हातमोजा घालून घेतलं,
ते त्यांनी पाहिलं.

रजिस्टरमध्ये कूलरच्या ओळीपुढे
तारीख आहे, वेळ आहे, जनुकाचं नाव आहे,
माझी सही आहे.
शेवाळ कुठेच नाही.