खांद्यामागची चुणी

दांडिया बाजारात, घड्याळवाल्याच्या वरच्या मजल्यावर
माझं दुकान. पिसे टेलर्स. जेन्ट्स.
पाटीवर ‘जेन्ट्स’ असूनही विदुलाबाई चित्रे
जिना चढून आल्या, धापा टाकत,
काखेत मंगळबाजारातलं कापड,
रंग ओल्या बडीशेपेचा.

म्हणाल्या, ‘पिसे, मला गोल्फ खेळायचंय.
मार्चमध्ये बँकेतून सुटले.
क्लबाचा नियम असा की कॉलर हवी, जीन्स नको.
आणि माझा नियम, कुठे काचायला नको.’

चाळीस वर्षं मी उभी माणसं मापली.
हात खाली, श्वास सोडा, पोट आत घेऊ नका
(घेतातच).
लग्नाला उभी, मुलाखतीला उभी,
एक तर निवडणुकीला उभा.
वळणारं माणूस कधी मापलं नव्हतं.

‘करून दाखवा,’ म्हटलं.
त्यांनी माझी लाकडी मीटरपट्टी दोन्ही हातांत धरली,
पाय फाकवले, गुडघे जरा सैल,
आणि घुमवली.
पंखा वाचला. खडूंचा डबा गेला.
पण मला दिसायचं ते दिसलं:
डाव्या खांद्यामागे कुर्ता कळवळला,
कमरेशी कापड वर चढलं,
आणि तोच खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली,
तीस वर्षं पर्स अडकवलेली खुंटी.

मग खांद्यामागे एक चुणी टाकली,
उभं असताना कुणाला कळू नये,
वळताना उघडावी,
दार किलकिलं करून कुणी पाहावं तशी.
पँटच्या आसनात दोन बोटं सैल सोडली.
कमरेला मागून इलॅस्टिक, पुढून साहेबी.
‘टीसाठी एक छोटा खिसा,’ त्या म्हणाल्या.
माझ्या डोळ्यांसमोर थर्मास.
निघाली दात कोरायच्या काडीएवढी.

आधी त्यांना पांढरंच हवं होतं.
म्हटलं, ‘बाई, मे महिना. ही धूळ.
पांढरं पोसायला इस्त्रीवाला घरजावई करावा लागेल.’
तेव्हा कुठे ही बडीशेप.

रविवारी पहाटे राहवेना.
सायकल काढली, राजवाड्याकडच्या मैदानाशी गेलो,
जाळीला नाक लावून उभा.
हिरवळीवरून एक मोर चालला होता,
ना कॉलर, ना पँट, बूट तर नाहीतच,
आणि त्याला कुणी हटकत नव्हतं.

विदुलाबाई आल्या. टोपी, एकाच हातात हातमोजा
(दुसरा हरवला म्हणून मी हळहळलो).
काठी मागे नेली,
आणि पन्नास पावलांवरून मी पाहिली
माझी चुणी उघडताना.
चेंडू होता तिथेच होता.
पण चुणी! काय बेताने मिटली परत.

टाळी वाजवणार, एवढ्यात
त्यांच्या काठ्या उचलणारा पोरगा वळला.
त्याच्या अंगात करड्या टेरिकॉटची पँट,
खिशाची कड तिरपी, आतून दुहेरी टीप.
हात माझा. साहेब कोण होते
ते आठवेना, माप आठवलं: अडतीस.
आता कमरेशी चुंबळ, सुतळीने आवळलेली,
पायाशी चार दुमडी.
दर वीस पावलांवर तो एक हात मोकळा करी,
पँट वर ओढी,
काठ्यांची अख्खी पिशवी दुसऱ्या खांद्यावर.

कुठे काचतं, हे विचारायचं काम माझं.
जाळीतून शुक् केलं.
‘नाव काय तुझं?’
‘अल्केश.’
‘अल्केश, दांडिया बाजार, घड्याळवाल्याच्या वर.
पैसे नकोत. ही पँट मला ओळखते.’
त्याने ओठांवर बोट ठेवलं.
‘काका, चूप. बेन मारे छे.’

मी श्वास धरला.
ठक् झालं. मोर पंख सावरत बाजूला झाला.
लोक कुठेतरी लांब बघू लागले,
कुणीतरी ‘वाह’ म्हणालं.
चेंडू कुठे गेला, मी पाहिलंच नाही.
नजरेने पोराची कंबर घेत होतो:
सव्वीस.
फार तर साडेसव्वीस.