उटकटारी

पलटणीचा इतिहास दोन पानांत द्या, म्हणाले.
स्मरणिकेत जाहिरातींनीच जागा खाल्ली आहे.
म्हणून टोपीवरच्या बिल्ल्यापासून सुरू करतो.

भुसावळच्या लोको शेडातल्या ज्या स्कॉच फोरमनने
ही हौशी पलटण उभी केली,
त्याच्या मुलखात एक काटेरी फूल असतं.
ते त्याने पितळेत ओतून आणलं
आणि रविवारच्या कवायतीला वाटलं.
फिटर झिपरू बडगुजर बिल्ला उलटसुलट करून म्हणाला,
"हाई ते आमना बांधवरली उटकटारी शे!"
सगळे हसले. फोरमनही हसला,
कशाला ते न कळता.

पायदळ म्हणजे पाय.
वरणगावपर्यंत जायचं, फुलगाववरून परत,
काळ्या रानात बूट मणामणाचे.
रमजान तडवी बूट गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे.
कुणाला किती फोड आले त्याची एक वही होती,
ती माझ्याकडे.

बेचाळीसच्या मेमध्ये एका ओळीचा हुकूम आला:
आजपासून ही पलटण विमानविरोधी.
रायफली मोजून परत केल्या, एकशे बारा.
एक पट्टा कमी भरला, त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले.
मालगाडीतून दोन तोफा उतरल्या,
ताडपत्रीखाली, आजारी बैलांसारख्या.

तापीच्या पुलाशी, केळीच्या बागेत, आम्ही त्या लपवल्या.
जन्मभर पायाखालचं बघून चाललेली माणसं
माना वर करून बसली.
विमानांच्या काळ्या आकृत्या पत्त्यांवर छापून आल्या होत्या,
झिपरूला त्या सगळ्या घारी वाटत.
दुपारी नळीला हात लागला तर
कातडी तिथेच राही.

एका थंडीत पहाटे भोंगा झाला.
तोफा गरगर फिरल्या.
रमजानने नुसता कान दिला
आणि म्हणाला, थांबा, हे पाहुणे आहेत.
धुक्यातून करकोचे उतरत होते,
नदीच्या वाळूवर, ओळीने,
आमच्यापेक्षा शिस्तीत.

विमान एकही आलं नाही.
किती पाडली, या रकान्यात मी शून्य लिहिलं,
संपादक म्हणतात, रकानाच काढून टाकू.
काढा.
फोडांच्या वहीत त्या मेनंतर नोंद नाही.
मानदुखीची वही कुणी घातलीच नाही.

पलटण मोडली त्या साली पोळ्याला
झिपरूच्या भावाचा खिलारी बैल वेशीतून गेला,
कपाळावर पितळेची उटकटारी,
सावकाश, एक एक खूर टाकत.
तो तेवढा अजून पायदळात होता.