तत्सम

नऊ वर्षं लागली व्हर्ना टॉलेफसनला त्या आराखड्याला.
पहाटे साडेचारला, उणे अकरात, गाडीचे दिवे विझवून
ती मोजायची सेजब्रशमधले रानकोंबडे,
छाती फुगवून नाचणारे. एकोणचाळीस.
पुढच्या साली एकतीस.

शाळेच्या जिममध्ये सभा झाल्या.
गुरंवाला डेल ऑस्बी तावातावाने भांडला,
मग म्हणाला, झऱ्याचं कुंपण तेवढं नीट घाला.
शायान म्हातारी अर्लीन बोललीच नाही;
नकाशावरच्या एका टेकडीवर बोट ठेवून बसली,
जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.
टेकडी आली आराखड्यात. पान सहाशे बारा.

राजधानीत मतदान सतरा मिनिटं.
आराखडा रद्द. वर कलम, की यापुढे
यास तत्सम काहीही
कोणत्याही कार्यालयाने लिहू नये.

व्हर्नाने टेबल आवरलं.
वही सरकारी, ती ठेवली. पेन आपलं, ते घेतलं.

एप्रिलमध्ये गेलीच ती, कुणी न सांगता.
कोळशाच्या हद्दीच्या काठ्या रोवलेल्या,
गुलाबी फिती फडफडत.
त्यांच्यामधून कोंबडे आले
त्याच जागी, त्याच नाचाला.
काना-मात्रेचा फरक नाही.

सव्वीस,
तिने तळहातावर लिहिलं.