चार वाजताचा करडा

दुकानदाराने काउंटरवर पंख्यासारखं कार्ड उघडलं,
त्यात एकट्या करड्याच्या एकेचाळीस पट्ट्या.
नावं सगळी धुक्याच्या देशांतली.
आमच्याकडे धुकं म्हणजे जानेवारीतल्या दोन सकाळी,
तेही वर्धा रोडवर, ट्रकच्या दिव्यांपुरतं.

मी माझीच नावं ठेवत बसले:
हा जात्याच्या पाळूचा,
हा पारव्याच्या मानेखालचा, जिथे हिरवा संपतो,
हा फुटाळ्याच्या पाण्याचा, सातनंतर,
कणसांच्या गाड्या पेटायच्या आतला,
आणि हा शाळेच्या पाटीचा,
थुंकी लावून पुसलेल्या, वाळत आलेल्या.
दुकानदार म्हणाला, मॅडम, नंबर सांगा.

देवाजी बोरकुट्यांनी हॉलच्या भिंतीवर
चार चौकोन मारले, वीतभर, एकाखाली एक.
"आज काही ठरवू नका, बाई.
ग्रे मोठा बदमाश कलर आहे.
सकाळी निळा मारते, ट्यूबलाइटखाली जांभळा,
अन् तुमच्या खिडकीत कडुनिंब आहे, तो हिरवा टाकते.
चार वाजता जो दिसंल, तो खरा."

मे महिन्यात चार वाजता
भिंतीकडे कोण बघतं?
पडदे ओढून सगळे पडलेले असतात
कूलरच्या तोंडाशी,
भिजल्या वाळ्याच्या वासात, न बोलता.
तरी मी उठले. चार दिवस.
बाहेर उन्हाने सगळं पांढरं करून टाकलेलं,
रस्ता, गाड्यांच्या काचा, समोरच्या गच्चीवरची काळी टाकीसुद्धा.
पडद्याच्या फटीतून त्यातलं थोडं आत यायचं
आणि वरचे दोन चौकोन त्यात विरून जायचे.
चौथा नुसताच सिमेंट.
तिसऱ्यावर डोळ्यांना बसायला जागा मिळायची.

आई कॉटवरून हे सगळं बघत होती.

कोराडीच्या क्वार्टरात तिने बत्तीस वर्षं राख पुसली.
वारा वसाहतीकडे फिरला की
दोरीवरचे पांढरे शर्ट, दुधावरचं झाकण,
तुळशीचं पान न् पान.
शिफ्टवरून आलेल्या बाबांनी
आधी अंगणात चपला झटकायच्या, मग खाकरायचं.
कुठल्याही रंगाचा नवा फडका
आठवड्यात त्या एकाच रंगाचा व्हायचा.
ती म्हणाली,
"पैसे देऊन राख आणून राहिली का तू?"

मी म्हटलं, राख नाही, करडा आहे.
म्हटलं, पारवा म्हण हवं तर.
म्हटलं, आजकाल सगळे हाच लावतात,
आणि म्हणता म्हणताच कळलं,
हे कारण प्रायमरवरसुद्धा टिकणार नाही.

पाचव्या दिवशी चहा टाकायला उठले तर
ती भिंतीपाशी उभी.
पदराचं टोक बोटाला गुंडाळून
तिसरा चौकोन घासत होती,
खिडकीची चौकट पुसावी तसा,
कोपऱ्यापासून, नेटाने.
मग पदर उजेडात धरला.
उलटून पाहिला.
पुन्हा घासला, पुन्हा पाहिला.
"निघत नाही," म्हणाली.
मला नाही. खाली कॉटकडे बघून,
जिथे रंगकामासाठी उतरवलेला बाबांचा फोटो
चादरीत गुंडाळून ठेवला होता.

दहा वाजता देवाजी आले, शिडी टेकवली.
"मग? कोणता फायनल?"
"तिसरा," आईच बोलली. "हॉलमध्ये, अन् पोरीच्या खोलीत.
माझ्या खोलीत पिवळा लावजो."
"पिवळा कोणता, आजी?"

देवाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं,
विडी कानामागे खोचली
आणि कार्ड पुन्हा उघडलं.