काशव्वा आधी तिला विचारते

सकाळी साडेसातला काशव्वा येते.
चप्पल दाराबाहेर, पदर कमरेला,
आणि पाळण्याकडे न बघता
सरळ खाटेपाशी जाऊन विचारते,
"झोप लागली का गं रात्री?"

आम्ही घरात तेलुगू बोलतो, ती तिच्या घरी कन्नड.
ही विचारपूस तेवढी मराठीत.

बाकी सगळे पाळण्याकडेच आले.
आत्या विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून,
शेजारचे, मामा, कारखान्याचे मालकसुद्धा,
झबली, टोपडी, पाकिटात शंभर आणि एक.
नाक कुणाचं, कपाळ कुणाचं,
रंग पुढे उजळेल की नाही,
इथपर्यंत चर्चा झाली.
श्रीलता भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.
तिचे टाके कुणाला दिसत नव्हते.
खरं सांगायचं तर मीही
पाळण्यापाशीच उभा होतो.

एप्रिल. वर पत्रा तापून कडकड वाजायचा,
खाली शेगडी, ओव्याची धुरी,
कानाला घट्ट फडकं. आई म्हणे, वारं लागेल.
तिसऱ्या दिवशी काशव्वानं शेगडी उचलून
न्हाणीबाहेर नेऊन ठेवली.
"ही काय भाकरी आहे भाजायला?"
आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

सतराव्या रात्री मी पाळीवरून आलो.
बाळ रडत होतं, ती अंधारात बसलेली,
हात मांडीवर, दुसऱ्या कुणीतरी
तिथं ठेवून गेल्यासारखे.
म्हणाली, "मला याच्याबद्दल काहीच वाटत नाही हो.
कुणाला सांगू नका."

चौदा वर्षं झाली मी माग चालवतोय.
बाना तुटला की माग आपोआप थांबतो.
ऑर्डर कितीही घाईची असो,
लोखंडाला तेवढं कळतं.
आमच्या घरात
पाहुणे, पंगत, बारसं, फोटो,
सगळं खडाखड चालूच होतं.

कुणाला सांगू नका म्हणाली.
मी काशव्वाला सांगितलं.

ती तिच्या पोटऱ्यांना तेल लावत होती,
अंगठा टाचेपासून वर, थांबत थांबत.
मान वर न करता म्हणाली,
"माझी तिसरी झाली तेव्हा मी विहिरीवर गेले होते.
लोकांना वाटलं, पाण्याला गेली.
हातात घागर नव्हती,
ते कुणी बघितलंच नाही."
आणि दुसरा पाय घेतला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला,
दहा प्रश्न विचारले, सावकाश.
श्रीलता बोलत होती
आणि कुणीतरी ते लिहून घेत होतं.
गोळ्या दिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,
"रात्रीचं बाळ कोण घेतं?"

आता मी घेतो. रात्रपाळी सोडली,
पगारात तेवढा खड्डा पडला, पडू दे.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही पहाटे तीनला.
एका खांद्यावर लेक, एका हातात पाइप,
पिंप भरेपर्यंत गल्लीत येरझारा.
कारखान्यातून सेकंडचे टॉवेल आणलेत,
मऊ आहेत, फक्त कडेला बाना सुटलेला.
तिचे कपडे मीच धुतो, तारेवर वाळत घालतो.
पहिल्या दिवशी समोरच्या माडीवरून
तिघी बघत होत्या. मी चिमटे लावत राहिलो.

काही एकदम बदललं नाही.
परवा पुन्हा दिवसभर बोलली नाही.
आईनं मात्र न विचारता
खिचडीचं ताट तिच्यापाशी सरकवलं
आणि बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर बसली.

आज काशव्वानं विचारलं, "झोप लागली का गं?"
"चार तास," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं,
"मला शेंगाचटणी पाहिजे."
आई म्हणाली, पोराचं पोट दुखेल.
काशव्वा म्हणाली, दुखलं तर मी चोळीन.

मी कडक भाकरी आणली, चटणी, वर तेल.
ती भिंतीला टेकून खात होती,
बोटं चाटत, घाईघाईनं,
शाळेतून आलेल्या पोरीसारखी.
पाळण्यात ते रडायला लागलं.
"बघा हो जरा," मला म्हणाली
आणि पुढचा तुकडा मोडला.