विहीणबाई

आमच्या गावात तिचं नाव घेत नाहीत.
'झाडीतली' म्हणतात, तेही आवाज खाली आणून.
केस बांडगुळाचे, पाठ धावड्याच्या ढोलीसारखी पोकळ,
आत आग्या मोहोळ.
रानात शीळ घातली तर पहिल्यांदा ती ऐकते,
दुसऱ्यांदा उत्तर देते.
तिसरी शीळ अडकू गायक्याने घातली.
गाई तेवढ्या घरी आल्या.

मी पाच महिन्यांची, रात्रभर रडायचे.
घुटी झाली, मीठमोहरी झाली,
फिरत्या दवाखान्यातल्या बाईने पोट दाबून पाहिलं.
शेवटी भागरथा सुईण म्हणाली,
पोरीची झोप झाडीतलीनं नेली व,
तिच्या लेकराले लागते.
रडून देत नाही ते. सौदा कर.

तर सायत्रा, माझी आई,
तिन्हीसांजेला शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर उभी राहिली.
पदरात मी, हातात मोहाची भाकर.
झाडीकडे तोंड करून म्हणाली:

'ये व विहीणबाई,
तुह्या घरी पोरगा, माह्या घरी पोरगी,
सोयरीक करू.
हिचं रडणं तुह्या पोराले आंदण,
त्याची झोप माह्या पोरीले चोळी.
तुह्यं तुले, माह्यं मले,
मधात धुरा.'

भाकर ठेवली. मागे न पाहता आली.

त्या रात्री मी अशी झोपले
की आईने दोनदा नाकापाशी बोट धरलं.
आणि बोडीच्या पलीकडे, झाडीत,
कोणीतरी रडू लागलं
माझ्याच आवाजात.
मी तर मांडीवर गाढ.
आईला पान्हा फुटला,
तो तिकडच्या रडण्याला.

तेव्हापासून माझी झोप गावात प्रसिद्ध.
दंडार रंगात आली असताना झोपले,
फळीवर तेंदूचे पुडे बांधताना झोपले,
सत्तर पानांच्या पुड्यात बासष्टाव्या पानावर.
लग्न दोनदा जुळलं, दोनदा मोडलं.
बाया हसून म्हणतात,
हिचं तर पाळण्यातच ठरलं.

यंदा चैतात माणसं आली, रंगाचे डबे घेऊन.
येनावर, बिजावर, मोहावर लाल आकडे.
चारशे सतराखाली फुलं पडत होती, पिवळी, रोजच्यासारखी.
मग मशीन आली.

पहिल्या रात्री वाटलं, उकाडा आहे.
चौथ्या रात्री समजलं
मी जागी का:
पलीकडचं रडणं बंद आहे.
आयुष्यभर ज्यावर डोकं टेकून झोपले
ते कोणीतरी काढून नेलं.

काल धुऱ्यावर गेले.
समोर थुटं, आणि थुटांवर चांदणं,
एवढं चांदणं इथे कधी पडत नव्हतं.
शीळ घातली.
थांबले.
दुसरी घातली.
उत्तर नाही.

तिसरीसाठी ओठ मुडपले, तर मागे आई उभी.
साठी उलटलेली, अनवाणी.
थांब म्हणाली नाही, घाल म्हणाली नाही.
नुसती ऐकत होती झाडीकडे,
छातीशी पदर
घट्ट दाबून धरलेला.